कॅमेऱ्यातले घड्याळ आणि पोलिसांचा पुरावा

(कोल्हापुरात दसरा चौकातील एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

सन्माननीय अध्यक्ष आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय ‘पोलीस आणि नवे तंत्रज्ञान’ असा छापला आहे. चेहरा ओळखणारे कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयी मी बोलावे, अशी संयोजकांची अपेक्षा आहे. तिथपर्यंत मी येणार आहे. परंतु जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करताना एक प्रकरण मनात घर करून बसले आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

काही वर्षांपूर्वी इथल्याच एका पेठेत सकाळी फिरायला निघालेल्या एका वृद्ध बाईंच्या गळ्यातले मंगळसूत्र मोटारसायकलवरून आलेल्या इसमाने हिसडा मारून नेले. त्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, बाई रस्त्यावर पडल्या आणि त्यांच्या मनगटाचे हाड मोडले. फिर्यादीत त्यांनी वेळ सहा वाजून दहा मिनिटे अशी सांगितली आणि ती अचूक होती, कारण घरातून निघताना त्यांनी भिंतीवरचे घड्याळ पाहिले होते. कोपऱ्यावर एका किराणा दुकानदाराने स्वतःच्या खर्चाने कॅमेरा लावलेला होता. पोलिसांनी त्याच्या डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रातून, सहा ते सहा वीस या वेळेचे चित्रण पेन ड्राइव्हवर घेतले. त्यात पडद्यावरच्या वेळेनुसार बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी हेल्मेट घातलेला एक तरुण मोटारसायकल जोरात दामटत जाताना दिसत होता. गाडीचा नंबर वाचता आला आणि दुसऱ्या दिवशी करवीर तालुक्यातल्या एका गावातून तो मुलगा उचलला गेला.

तो दुधाचा रतीब घालणारा होता. गाडीच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेले त्या चित्रणातही दिसत होते, पण मंगळसूत्र चोरणाऱ्याने दुधाचे कॅन का लटकवले असावेत, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. कोठडीत भेटलो तेव्हा तो मला एवढेच म्हणाला, “वकीलसाहेब, सहा वाजून धा मिन्टाला मी अजून तिसऱ्या घरात दूध घालत हुतो. मग त्यात मी कसा काय दिसतोय?” त्याच्या या प्रश्नाचे उत्तर मला सापडायला पुढे दोन वर्षे लागली, याची खंत मला आजही आहे.

खटला उभा राहिल्यावर मी ते वीस मिनिटांचे चित्रण पुन्हा पुन्हा पाहिले. त्यात सहा वाजून सहा मिनिटांनी केएमटीची, म्हणजे कोल्हापूर महापालिकेची, एक बस कोपऱ्यावरून वळते. त्या रस्त्याने सकाळची पहिली बस जाते, हे मला ठाऊक होते, पण ती साडेसहाला जाते असे माझ्या मनात पक्के होते. मी डेपोच्या नोंदी मागवल्या. बस त्या थांब्यावर साडेसहालाच होती. म्हणजे दुकानातले घड्याळ चोवीस मिनिटे मागे होते, पडद्यावर सहा दहाला दिसणारा मुलगा प्रत्यक्षात सहा चौतीसला तिथून गेला होता आणि खऱ्या चोराचे चित्रण पडद्यावरच्या पाच सेहेचाळीसला होते. तेवढे चित्रण मात्र कोणी घेतलेच नव्हते. डीव्हीआर पंधरा दिवसांनी जुन्या चित्रणावर नवे लिहीत असल्यामुळे ते कायमचे पुसले गेले.

मी ते दुकान पाहायला गेलो होतो. गल्ल्याखाली, तेलाच्या डब्यांमागे, धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला तो डीव्हीआर होता आणि त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. बसवल्यापासून त्याच्या घड्याळाला कोणी हात लावलेला नव्हता. अशा यंत्रातले क्वार्ट्झ घड्याळ दिवसाला दोन सेकंद मागे पडले, तरी दोन वर्षांत चोवीस मिनिटे मागे पडते. आतला बटन सेल संपला तर वीज गेल्यावर तारीखसुद्धा मूळपदावर जाते. यात दुकानदाराचा दोष नाही, कारण त्याने कॅमेरा स्वतःच्या दुकानासाठी लावला होता. पंचनाम्यात मात्र एक वाक्य असायला हवे होते: यंत्रावरची वेळ अमुक, खरी वेळ अमुक, फरक इतका. त्या एका वाक्याअभावी मुलगा अडीच वर्षे न्यायालयाच्या तारखा करत राहिला आणि त्याचा रतीब तुटला, तो पुन्हा जुळला नाही. निर्दोष मुक्तता झाली त्या दिवशी त्या बाईही न्यायालयात होत्या. चोर कोण, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

यंत्राचा उपयोग नाही, असे मी अजिबात म्हणत नाही. ते चित्रण नीट घेतले असते, तर खरा चोर सापडला असता. माझे म्हणणे असे आहे की, पोलीस दल नवे यंत्र घेते तेव्हा त्याच्याबरोबर एक शिस्त घ्यावी लागते आणि ती खरेदीच्या निविदेत कधीच नसते. आपल्याकडे हे नवीन नाही. बोटांच्या ठशांचे कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले. ठशांच्या वर्गवारीची पद्धत बंगालचे तत्कालीन पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जात असली, तरी तिचे मोठे काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी केले. ठसा घेणे सोपे होते. हजारो ठशांतून हवा तो कसा काढायचा आणि एकाचा दुसऱ्याच्या नावावर कसा जाऊ द्यायचा नाही, हे त्या दोघांनी शोधले, म्हणून ते तंत्रज्ञान न्यायालयात टिकले.

आता कायदाही हीच शिस्त मागतो. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागते. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक वैज्ञानिक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद कलम १७६ मध्ये आहे. आपल्याकडे कोल्हापुरात न्यायसहायक विज्ञान प्रयोगशाळा आहे, ही त्या दृष्टीने फार मोठी सोय आहे. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र मागते आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलचा अंकगणिती ठसा. चित्रणातला एक ठिपका जरी बदलला, तरी हा आकडा पार बदलतो, त्यामुळे कोणी फाइलला हात लावला की नाही, हे कळते. परंतु हा आकडा इतकेच सांगतो की फाइल घेतल्यानंतर बदललेली नाही. फाइल घेतली तेव्हाच घड्याळ चुकलेले असेल, तर ती चूकही शिक्कामोर्तब होऊन न्यायालयात येते.

इथे जालन्याचा खटला आठवतो. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर दाखल झाले, असा आरोप होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण हा त्याचा पुरावा होता. सगळा वाद मिनिटांचा होता. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निकाल दिला. मूळ यंत्रच न्यायालयात आणले नसेल, तर प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरात बसू लागले आहे. ज्या मागणीसाठी आपल्या वकिलांनी चार दशकांहून अधिक काळ लढा दिला, ती पूर्ण झाली. आता कच्चा पुरावा मुंबईला जाण्याची वाट न पाहता इथेच, सीपीआर रुग्णालयासमोर, उघडा पडेल. याचा पोलिसांना त्रास होणार नाही, उलट मदतच होईल, असे मी मानतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि मला दहाच मिनिटे उरली आहेत. त्यामुळे पत्रिकेतला मूळ विषय थोडक्यात मांडतो.

चेहरा ओळखणारी यंत्रणा दोन चेहऱ्यांत किती साम्य आहे, याचा अंक देते. किती अंकाला ‘तोच माणूस’ म्हणायचे, हे माणूस ठरवतो. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारातील उत्तरात ८० टक्के साम्य ही आपली मर्यादा सांगितली होती. अमेरिकेत डेट्रॉइट पोलिसांनी रॉबर्ट विल्यम्स यांना जानेवारी २०२० मध्ये अशाच चुकीच्या जुळणीवरून मुलींसमोर अटक केली. हिशोब आपल्या गावचा करा. समजा, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला एका दिवसात एक लाख माणसे महाद्वारातून गेली आणि यंत्र हजारात एकदाच चुकले. तरीही दिवसाला शंभर निरपराध माणसे ‘संशयित’ म्हणून वेगळी काढली जातील. त्या शंभर जणांचे पुढे काय करायचे, याचा लेखी नियम यंत्र लावण्याआधी हवा आणि केवळ जुळणीवर कोणालाही अटक होणार नाही, हे त्यात पहिल्या ओळीत हवे.

दुसरा मुद्दा याच भूमीतला आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाने काही केले नसतानाही त्याला जन्मावरून संशयित ठरवले. तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले. आपल्या राजर्षी शाहू महाराजांनी मात्र १९१८ मध्येच करवीर संस्थानात महार, मांग, रामोशी आणि बेरड यांच्यावरची रोज अधिकाऱ्यांपुढे हजेरी देण्याची सक्ती बंद केली. फासेपारध्यांना त्यांनी पहारेकरी म्हणून कामाला ठेवले. चौकातला कॅमेरा प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याचा चेहरा साठवून ठेवत असेल, तर ती सर्वांची रोजची हजेरी आहे. कोणाची, किती दिवस आणि कोणाच्या हुकुमाने, हे विचारण्याचा अधिकार या गावाला इतर कोणत्याही गावापेक्षा जास्त आहे. शहरभर बसवलेल्या ‘सेफ सिटी’ योजनेच्या कॅमेऱ्यांचे चित्रण किती दिवस ठेवले जाते आणि नियंत्रण कक्षात ते कोण पाहते, याची नोंदवही असावी आणि ती न्यायाधीशांना कधीही तपासता यावी.

तिसरे, कॅमेरा पोलीस ठाण्याच्या आतही हवा. परमवीरसिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे लावण्याचे आणि ते चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष, जपण्याचे आदेश दिले आहेत. त्या दूधवाल्या मुलाच्या वेळी असे चित्रण असते, तर त्याने पहिल्याच दिवशी काय सांगितले होते, हे न्यायालयाने त्याच्या तोंडून ऐकले असते.

शेवटी एक विनंती करतो. इथे बसलेल्यांत दुकानदार बरेच आहेत. आज दुकानात गेल्यावर आपल्या डीव्हीआरच्या पडद्यावरची वेळ मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहा. फरक आढळला, तर घड्याळ लगेच दुरुस्त करू नका, कारण आधीच्या चित्रणावर चुकीचीच वेळ राहते आणि फरक किती होता, हे नंतर कोणाला सांगता येत नाही. आधी तो फरक तारखेसह एका वहीत लिहा, खाली सही करा, मग घड्याळ लावा आणि ती वही डीव्हीआरजवळच ठेवा.