निळा गुडघा, लाल गुडघा

(नौपाड्यात ज्येष्ठ नागरिकांसमोर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय आहे ‘रंगीत टेपने दुखणं थांबतं का?’ म्हणजे खेळाडू दुखऱ्या सांध्यावर, स्नायूंवर चिकटवतात ती किनेसिओ टेप. सभागृह साडेसातपर्यंतच आपलं आहे, पुढे भजनी मंडळ आहे, असं अध्यक्षांनी दोनदा बजावलंय. त्यामुळे मी मुद्द्याचंच बोलणार आहे. मला ओळखणारे आत्ताच हसले.

टेप कशी दिसते हे तलावपाळीला फिरणाऱ्यांना काय सांगायचं? वर्षा मॅरेथॉनच्या दिवशी तर ठाण्यातल्या निम्म्या पोटऱ्या रंगीत असतात. सुती कापड, त्यात ताणला जाणारा धागा, मागे नागमोडी रेघांत लावलेला ॲक्रिलिकचा गोंद. साधारण ५ सेंटिमीटर रुंद, ५ मीटर लांब गुंडाळी. औषध शून्य! आत बाम असतो असं अनेकांना वाटतं, म्हणून आधीच सांगते. केंझो कासे नावाच्या जपानी कायरोप्रॅक्टरने, म्हणजे हाताने मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्याने, १९७० च्या दशकात ती काढली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जगाने टीव्हीवर पाहिली. मग २०१२ च्या युरो कपात इटलीचा फुटबॉलपटू बालोटेली याने जर्मनीविरुद्ध गोल केला आणि शर्ट काढून पुतळ्यासारखा उभा राहिला. पाठीवर तीन निळ्या पट्ट्या. इतकी जाहिरात पैसे टाकूनही होत नाही.

आता आमचे नाना. खरं नाव सांगत नाही, कदाचित इथेच बसले असतील. (हशा) नानांचे दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. नातीने ऑनलाइन टेप मागवली, ती निघाली गुलाबी. नाना म्हणाले, “मी काय बालवाडीत जातो?” गुलाबी गेली कपाटात. मग नाना स्वतः दुकानात गेले. तिथल्या माणसाने सांगितलं, लाल टेप उष्ण, निळी थंड. हे शास्त्र कुठलं ते त्यालाच ठाऊक. रंग हा रंग असतो, कापड तेच आणि गोंदही तोच. पण नाना पडले हिशेबी. त्यांनी दोन्ही घेतल्या आणि उजव्याला लाल, डाव्याला निळी लावली. आठवडाभराने कट्ट्यावर निकाल जाहीर झाला: निळी चांगली! अहो, डावा गुडघा मुळात कमीच दुखत होता! पण हे म्हणायची सोय नाही. दुसऱ्या आठवड्यात अख्ख्या कट्ट्याचे गुडघे निळे.

आणि माझं दुखणं इथे सुरू होतं. त्यातल्या बऱ्याच जणांना मी मांडीचे व्यायाम शिकवले होते. खुर्चीत बसा, पाय सरळ करा, मोजा, खाली घ्या. एवढंच. विचारलं तर म्हणतात, “आता टेप आहे ना, डॉक्टर!” मध्यंतरी एका सोसायटीच्या आरोग्य शिबिरात मला बोलावलं होतं. माझ्या टेबलाशी दोन माणसं. शेजारी कोणी फुकट टेप लावत होतं, तिथली रांग जिन्यापर्यंत. त्या रांगेतल्या एक काकू वळून मला म्हणाल्या, “तुमच्याकडे काय फुकट आहे?” मी म्हटलं, “सल्ला.” त्या परत रांगेकडे वळल्या.

पण नानांचं एक राहिलं. मे महिन्यात ते गुडघा दाखवायला आले. लेंगा वर केला तर टेपच्या कडा वळलेल्या, त्यात घाम, धूळ आणि लेंग्याचे धागे. तेल लावून हळूहळू सोडवली. खाली कातडीवर लाल नागमोडी रेघा, जसा गोंद तसं पुरळ, अगदी छापल्यासारखं. खाजवून हैराण झालेले. तरी म्हणतात, “पण जिना चढतो हो मी आता. स्टेशनचा पूल चढतो.” मी विचारलं, “आधी का चढत नव्हतात?” म्हणाले, “भीती वाटायची, गुडघा निसटेल म्हणून. आता धरलेला वाटतो.”

माझं म्हणणं सगळं त्या एका वाक्यात आहे, आणि तेच... चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर पुरावा, भरभर. टेप कातडी उचलते, खाली रक्त खेळतं, सूज उतरते, हा मूळ दावा. २०१४ मध्ये ब्राझीलमध्ये जुनाट कंबरदुखीच्या १४८ लोकांवर चाचणी झाली. निम्म्यांना ताण देऊन, सुरकुत्या पडतील अशी टेप लावली, निम्म्यांना बिनताणाची. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नाही. त्याआधी २००८ मध्ये खांदा दुखणाऱ्या ४२ कॉलेजच्या मुलांवर पाहिलं: टेप लावल्या लावल्या हात न दुखता जरा जास्त वर गेला, पण काही दिवसांनी खरी टेप आणि तुलनेसाठी नुसती नावाला लावलेली खोटी टेप सारखीच. सगळ्यात मजेशीर २०१५ ची. तीस धडधाकट लोकांचे डोळे बांधले, ‘मांडीला सेन्सर लावतोय’ असं सांगितलं आणि लावली टेप. स्नायूंची ताकद वाढली नाही. अमेरिकेत एका टेप कंपनीला जाहिरातीतल्या दाव्यांवरून ग्राहकांशी साडेसतरा लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

मग नाना खोटं बोलतात का? मुळीच नाही. कोपर आपटलं की आपण चोळतो आणि जरा बरं वाटतं. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांना अडवू शकतात. टेपचं थोडं तसंच असावं. शिवाय कोणीतरी हात लावून आपलं दुखणं पाहिलेलं असतं. आणि मुख्य म्हणजे धीर येतो, माणूस हलतो. गुडघा सुधारतो तो हलल्याने, मांडीचे स्नायू बळकट झाल्याने. म्हणून मी टेपच्या विरोधात नाही. लावा, पण ती अंगावर आहे तोवर व्यायाम सुरू करा. नुसती लावून सोफ्यावर बसणार असाल तर ते पैसे मामलेदार मिसळीत घाला, निदान चव तरी लागेल.

घोटा वारंवार मुरगळत असेल तर गोष्ट वेगळी. तिथे न ताणली जाणारी कडक टेप किंवा ब्रेस, म्हणजे आधाराचा पट्टा, खरंच उपयोगी पडतो. पोटरी एकाच पायाची सुजली, लाल, गरम झाली तर टेप अजिबात नाही, त्याच दिवशी डॉक्टर. रक्ताची गुठळी असू शकते. जखमेवर आणि म्हातारपणी पातळ झालेल्या कातडीवरही नको.

हो, मागच्या काकू? अंघोळ चालते. नंतर टॉवेलने नुसतं टिपायचं, चोळायचं नाही. आणि काढताना ओरबाडू नका. खोबरेल तेल लावून थोडं थांबा, मग एका हाताने कातडी दाबून धरा आणि दुसऱ्याने केसांच्या दिशेने सोडवा. बाकीचे प्रश्न बाहेर जिन्यात घेऊ, पेटीवाले दारात उभे आहेत.