चिंगीचा नारळ

नमस्कार श्रोतेहो. आज मला विषय दिलाय ‘कुत्र्यांचे आजार आणि त्यांच्या वागण्यातल्या तक्रारी’. वेळ दहा मिनिटं.

माझी सगळी नोकरी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेली. सकाळी दार उघडावं तर पोट फुगलेली म्हैस, लंगडणारा बैल, शेळ्यांची रांग. आणि त्या रांगेच्या शेवटी कुणीतरी पिशवीत कुत्र्याचं पिल्लू घेऊन ओशाळल्यासारखा उभा. “डॉक्टर, याचंही जरा बघता का?” त्या ‘जरा बघता का’मधूनच मी कुत्री शिकलो.

कागदावर पाच मुद्दे लिहून आणलेत. पण आधी एक गोष्ट सांगतो. तिच्यात तीन मुद्दे आपोआप येतात, निदान घरून निघताना मी तसा हिशेब केलाय.

मी वाईला होतो तेव्हाची ही गोष्ट. वटपौर्णिमेचा दिवस. बाहेर वडाला सूत गुंडाळणाऱ्या बायकांची गर्दी, आणि त्या गर्दीतून वाट काढत सायकलवरून एक पोरगा धापा टाकत आला. “डॉक्टरकाका, आमची चिंगी पिसाळली. बाबांना चावली. आजीनं आत्ताच्या आत्ता बोलावलंय.”

मी विचारलं, “हात धुतला का बाबांनी?” तो म्हणाला, “आजीनं हळद भरलीय.”

इथं एक मिनिट थांबतो. कुत्रं चावलं, घरचं असो की रस्त्यावरचं, की पहिलं काम साबण आणि वाहतं पाणी. पंधरा मिनिटं. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. साबण, वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि मग माणसांच्या दवाखान्यात जाऊन इंजेक्शनं. ती सुद्धा सांगतील तेवढी सगळी, दोन घेऊन बंद नाही.

तर मी गेलो. घाटाजवळचा जुना वाडा. पोराच्या बाबांना, म्हणजे अण्णांना, आधी नळाखाली बसवलं. आजींना सगळे माई म्हणत. माई म्हणाल्या, “पाणी तर पिते हो ती. पिसाळलेलं कुत्रं पाणी पितं का?” श्रोतेहो, हे तुम्हीही ऐकलेलं असणार. पाण्याची ती भीती माणसांच्या आजारात दिसते. पिसाळलेलं कुत्रं पाण्यात तोंड घालायला जाऊ शकतं. तेव्हा पाणी पितंय म्हणजे धोका नाही, असं धरून चालू नका. चिंगीला मात्र दरवर्षी लस मीच टोचत होतो, त्यामुळे मला वेगळी शंका होती.

चिंगी म्हणजे पांढरी, झुपकेदार. पॉमेरियन म्हणून घेतलेली, होती खरी स्पिट्झ. माजघरातल्या लाकडी पलंगाखाली ती शिरून बसली होती. मी विजेरी मारली. आत माईंच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून गोल घरटं केलेलं. मध्ये चिंगी. आणि तिच्या दोन पायांत एक नारळ.

झालं होतं असं. माईंची नात पहिलटकरीण, माहेरी आलेली. आदल्या दिवशी तिचं डोहाळजेवण झालं. ओटी भरली, खण, तांदूळ, हळकुंडं, सगळं परातीत ठेवलं. रात्रीतून परातीतला नारळच तेवढा गेला. मग घरातली माणसं काय काय बोलली असतील, तुम्हीच बघा. ओटीतला नारळ गेला म्हणजे अपशकुन. सकाळी अण्णांनी पलंगाखाली हात घातला, आणि आयुष्यात कधी न गुरगुरलेल्या चिंगीनं तो धरला.

मी जमिनीवर आडवा होऊन बघत राहिलो. ती नारळ चाटत होती. शेंडी चाटून चाटून अगदी भांग पाडल्यासारखी बसवली होती. नारळ जरा घरंगळला, तर नाकानं ढकलून पुन्हा पोटाशी घेतला. मी हळूच हाक मारली, तशी ती माझ्याकडे बघून कण्हली. माईंनी बोलावल्यावर तासाभरानं बाहेर आली, नारळ तोंडात मावेना म्हणून पायांनी लोटत लोटत. उताणी केली. सड तटतटलेले. एक जरा दाबला, तर दुधाचा थेंब.

“अगं बाई, ही पोटुशी आहे!” माई म्हणाल्या. आणि मग काय विचारता. दिंडीदरवाजा कुणी उघडा टाकला, यावरून सूनबाई आणि अण्णा. अण्णा आणि पोरगा. संशय शेजारच्या लाल्यावर. वरच्या मजल्यावरून लाल्याच्या मालकीणबाई कठड्यावरून वाकून म्हणतायत, “आमचा लाल्या तसा नाही!”

मी विचारलं, “माजावर कधी आली होती?” कुणालाच सांगता येईना. शेवटी सूनबाईंना आठवलं, रामनवमीला सुंठवडा वाटताना हिला मागच्या खोलीत कोंडली होती, फरशीवर डाग पडत होते म्हणून. रामनवमी ते वटपौर्णिमा. बोटांवर मोजा. दोन महिने सहा दिवस. कुत्रीचे दिवस भरतात साधारण ६३ दिवसांत. म्हणजे आज-उद्या व्यायलाच हवी. पण पोट चाचपलं तर हाताला काही लागेना.

तेव्हा आमच्याकडे कुठली सोनोग्राफी. माणसांच्या एक्स-रेवाल्याला गळ घातली. रात्री त्यांचा शेवटचा पेशंट गेल्यावर मागच्या दारानं चिंगी आत, मागोमाग माई, आणि माईंच्या पिशवीत नारळ, कारण त्याशिवाय ती गप्प बसेना. दिवस भरलेल्या कुत्रीच्या एक्स-रेत पिल्लांची हाडं मोजता येतात, माळेतल्या मण्यांसारखी. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. पोटात वाऱ्याशिवाय काही नव्हतं. माई चष्मा पुसून म्हणाल्या, “नीट बघा हो डॉक्टर. एखादं तरी असेल.”

नव्हतं.

याला आम्ही खोटी गाभणावस्था म्हणतो. माज ओसरला की कुत्रीच्या अंगात गर्भ राहिल्यासारखे बदल होतात, नर भेटो न भेटो. दोन महिने ते टिकतात. मग एक संप्रेरक उतरतं, दुधाचं चढतं, आणि कुत्री आई होते. पिल्लू नसलं तर जे सापडेल ते पिल्लू. कुणाची चप्पल घेते, कुणाचा चेंडू. चिंगीनं ओटीतला नारळ घेतला, आता यावर मी काय बोलू!

उपचार फार नाही. तिच्या तोंडासमोर वस्तू ओढून घ्यायची नाही, चावेल. तिला लांब फिरायला न्या आणि मागे घरच्यांनी घरटं नि ‘पिल्लू’ दोन्ही हलवा. दूध पिळायचं नाही, शेकायचं नाही, चोळायचं नाही. पिळलं की आणखी येतं. गवळ्याच्या घरात हे सांगावं लागत नाही. दोन-तीन आठवड्यांत सगळं आटतं. पुन्हा नको असेल तर शस्त्रक्रिया करून घ्या, पण ती या अवस्थेत नाही, सगळं शांत झाल्यावर.

आता या गोष्टीतला मुद्दा, दोनदा सांगतो. माजाची तारीख लिहून ठेवा. पहिला डाग दिसला, तारीख लिहा. ज्या कॅलेंडरावर दुधाचा खाडा लिहिता, त्याच चौकोनात लिहा. हल्ली भिंतीला कॅलेंडर नसतं, सगळं मोबाइलमध्ये म्हणे. मोबाइलमधली तारीख घरातल्या एकालाच दिसते, भिंतीवरची कामवाल्या मावशींपासून सगळ्यांना दिसते. आणि एकादशी कधी हे विचारायला मला अजून भिंतच लागते. असो.

तारीख का? कारण त्याच दोन महिन्यांत एक खरा वाईट आजार येतो. गर्भाशयात पू होतो. कुत्री मलूल, खात नाही, उलट्या करते, आणि पाणी मात्र भांडंच्या भांडं पिते. मागून घाण येईलच असं नाही. गर्भाशयाचं तोंड बंद असलं तर पू आत साठतो, आणि तो प्रकार जास्त वाईट. लोक म्हणतात, उन्हाळा आहे, पिते पाणी. तर माज होऊन महिना-दोन महिने झालेत आणि कुत्री पाणी जास्त पितेय, त्याच दिवशी दवाखाना. उद्या नाही, सोमवारी नाही. त्याच दिवशी. बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते आणि वेळेत झाली तर कुत्री वाचते.

काचेपलीकडून मला खूण होतेय. उरलेले दोन मुद्दे धावत सांगतो.

गोचीड. पावसाळ्यात जास्त. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्याहून जास्त भिंतीच्या फटीत असतात, तेव्हा घरालाही औषध लागतं. अंगाला रॉकेल चोळू नका, कातडी जळते. ताप, सुस्ती, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं की रक्त तपासा. औषध लागू पडतं, कुत्रं चार दिवसांत उड्या मारायला लागतं, आणि लोक गोळ्या बंद करतात. कोर्स साधारण महिन्याचा असतो. महिन्याचा म्हणजे महिन्याचा.

दुसरं, ताप. कुत्र्याचं अंग आपल्या हाताला गरमच लागतं. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते साडे १०२ फॅरनहाइट. नाक कोरडं म्हणजे ताप, हेही खरं नाही. आणि घरातली माणसांची तापाची, अंगदुखीची गोळी अर्धी करून सुद्धा देऊ नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, दोन्ही नाहीत. अर्धी सुद्धा नाही.

वागण्याचा मुद्दा राहिलाच. फटाके, चपला कुरतडणं, ते पुन्हा बोलावलं तर सांगेन.

चिंगीचं शेवटचं सांगतो. माईंनी तिला घाटावर फिरायला नेली, तेवढ्यात सूनबाईंनी पलंगाखाली झाडून घेतलं. दोन दिवस चिंगी घरभर हुंगत फिरली, माजघरात, कोठीत, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखी दारात जाऊन पोस्टमनवर भुंकली. पंधरा दिवसांनी मी बघायला गेलो. दूध आटलं होतं. माईंनी बशीत नारळाच्या वड्या आणल्या, केशर घातलेल्या. नारळाची वडी साखरेचीच, गुळाची म्हणजे वडी नव्हे, हे माझं मत आहे, राग मानू नका. एक खाल्ली. दुसरी तोंडात टाकली. आणि मग मला विचारायचं सुचलं. म्हटलं, “माई, तो नारळ टाकून दिलात ना?”

माई म्हणाल्या, “ओटीतला नारळ का कुणी टाकतं? पंधरा मिनिटं वाहत्या नळाखाली धरला होता हो. तुम्हीच नव्हतं का सांगितलंत?”