पूर्व भागातलं वर्ष

(दृश्य: नाना पेठ, पहाट. ओला रस्ता. हातगाडीवर कळकांचा, म्हणजे बांबूंचा, भारा.)

रात्रभर कोसळून पाऊस आत्ता कुठे थांबलाय. गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं अजून बंद आहेत. आज संध्याकाळी याच रस्त्यावर तुकोबांची पालखी येईल, आणि इथून हाकेच्या अंतरावर, भवानी पेठेत, माउलींची.

पुण्याचे सण म्हटले की कॅमेरा लक्ष्मी रस्त्यावर जाऊन उभा राहतो. आम्ही तो वर्षभर पूर्व भागात ठेवला. नाना, भवानी, रास्ता, गुरुवार, गंज. सगळ्या पेठा पायी फिरायला एक सकाळ पुरते.

(दृश्य: मंडप उभारणी. हातांचे जवळून शॉट.)

कळक घेण्याआधी मंडपवाला तो ठोकून बघतो. भेगाळलेल्या कळकाचा आवाज बसका येतो, तो बाजूला. आधी उभे खांब, मग आडवे, मग कोपऱ्यांना तिरके. काथ्याची दोरी बादलीत भिजत पडलेली असते, ओली असली की हाताला वळते. एक जण वर चढून बसतो, खालचा दोरी फेकतो. तीन वेढे, एक पीळ, टोक आत. खिळा कुठेच नाही. दोन तासांत पन्नास माणसं जेवायला बसतील एवढी सावली तयार. हेच कळक आम्हाला पुढे वर्षभर भेटत राहिले, म्हणून त्यांच्यापाशी एवढं थांबलो.

(दृश्य: पालखी. पताका, तुळशी वृंदावनं. फक्त टाळ-पखवाज. निवेदन थांबतं.)

तुकोबांचा मुक्काम निवडुंग्या विठोबाच्या देवळात. मूर्ती निवडुंगात सापडली म्हणून हे नाव, असं सांगतात. माउलींचा मुक्काम पालखी विठोबाच्या देवळात. दोन रात्री या पेठा झोपत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून केशकर्तनकार वारकऱ्यांची दाढी करतायत, पैसे नाहीत. पलीकडे चांभारदादा चपलांचे अंगठे शिवतायत, तिथेही पैसे नाहीत. घराघरांतून पिठलं-भाकरी निघते. आळंदीहून चालत आलेले पाय कोमट पाण्याच्या घमेल्यात.

(दृश्य: एका आजींचे पाय. दहा सेकंद तसंच ठेवावं.)

तिसऱ्या दिवशी पहाटे माउली दिवे घाटाकडे निघतात आणि तुकोबा लोणी काळभोरकडे. मागे राहिलेला पत्रावळींचा आणि ग्लासांचा खच सफाई कामगार उचलतात.

(दृश्य: रास्ता पेठ. सिनेगॉगचं दार.)

हे सुक्कथ शेलोमो, 1921 सालचं. इथले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातून आलेले ज्यू लोक, मराठी बोलतात. कोकणात यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं शनिवार तेली. त्यांच्या जुन्या सणांची नावं ऐका. नव्याचा सण. खिरीचा सण. दार लावून घरात उपास करायचा तो दारफाळणीचा सण. हिब्रू न येणाऱ्या मराठी माणसालाही हे शब्द कळतात, कारण ते त्याच्याच घरातले आहेत. 1874 साली पुण्यात वल्हांडणाच्या, म्हणजे ज्यूंच्या पासओव्हर सणाच्या, रात्री वाचायची पोथी छापली गेली. तिच्यात हिब्रूच्या जोडीला मराठी मजकूर आहे, आणि चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडी नेसलेल्या आहेत. शुभकार्याला एलिया संदेष्ट्याच्या नावानं मलिदा होतो. ताटात गोड पोहे, खोबरं, फळं. पुण्याच्या उत्सवांबद्दल इतकं लिहिलं-बोललं जातं, त्यात हे ताट आलंच पाहिजे.

(दृश्य: नाना पेठेतली अग्यारी, बाहेरून. उंबऱ्यावरची रांगोळी.)

ऑगस्टच्या मध्यावर पारशी नववर्ष. आत फक्त पारशी जातात, त्यामुळे आम्ही उंबऱ्याबाहेर. रांगोळी, फुलांचं तोरण, पांढऱ्या डगलीतले आजोबा. त्याच सुमारास पंधरा ऑगस्ट. चौकात झेंडावंदन, कडक इस्त्रीतली पोरं, आणि मिठाईवाल्याच्या कढईपुढे रांग. जिलेबी घेतल्याशिवाय इथे स्वातंत्र्यदिन होत नाही.

(दृश्य: सबील. सरबताचे ग्लास. मग ताबूत.)

मोहरमची सबील, म्हणजे सरबत-पाणी वाटायचा मांडव, त्याच कळकांवर उभी आहे. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू होण्याआधी पुण्यातले हिंदूही ताबुतांच्या मिरवणुकीत मोठ्या संख्येनं असायचे. 2023 साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, 28 सप्टेंबरला. मुस्लिम समाजानं जुलूस पुढे ढकलला. पुढच्या वेळी पंचांगं अशी एकत्र आली, तर हा निर्णय आठवावा.

(दृश्य: ढोल. धूळ. विसर्जन मिरवणूक, वीस सेकंद.)

ही मिरवणूक तुम्ही पाहिली आहे.

(दृश्य: गुरुवार पेठ, रात्र. चर्चचा मनोरा.)

पंचहौद. पवित्र नाम देवालय, 1885. मनोऱ्यात आठ घंटा आहेत. इथल्या मिशनमध्ये 1890 साली चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक, रानडे आणि इतर बऱ्याच जणांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचा खटला, गुदरलं, प्रायश्चित्ताची प्रकरणं झाली. आज नाताळच्या रात्री मराठीत उपासना चालली आहे. पेटी, तबला, आणि ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची पदं. दूर क्वार्टर गेटला सिटी चर्च. ती जागा सवाई माधवरावांच्या काळात, 1792 साली, पेशव्यांच्या सैन्यातल्या ख्रिस्ती शिपायांसाठी मिळाली.

(दृश्य: गंज पेठ. महात्मा फुले वाडा. हौद.)

एप्रिल. या हौदावर आम्ही कॅमेरा सगळ्यात जास्त वेळ ठेवला. 1868 साली जोतीरावांनी तो अस्पृश्य मानलेल्या माणसांसाठी खुला केला. स्वतःच्या घरचा हौद. 11 तारखेला फुले जयंती, 14 ला बाबासाहेबांची. मधल्या दिवसांत पेठेत निळे झेंडे चढतात, सामिष आणि गोड जेवणाच्या पंक्तींची तयारी होते, पोरी लेझीम घोटून घेतात. 13 च्या रात्री सगळे निघतात स्टेशनजवळच्या पुतळ्याकडे. लहान मुलं खांद्यावर, आजी रिक्षात. बाराचा ठोका.

(दृश्य: मेणबत्त्या. निवेदन नाही. गर्दीचा आवाज पूर्ण.)

(दृश्य: 15 एप्रिल, पहाट. मंडप उतरवणं.)

गाठी सोडायला बांधण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दोरी कापत नाहीत, पुन्हा लागते. कळक मोजून हातगाडीवर चढतात. छत्तीस. एक कमी भरतो, म्हणून पुन्हा मोजतात. सदतिसावा मंडपामागे भिंतीला टेकलेला आहे, त्याच्यावर अजून निळा झेंडा. पोरगा झेंडा उतरवतो, घडी करून खिशात ठेवतो आणि कळक गाडीवर टाकतो.