गुणमर्यादा हलवण्यापूर्वी

मित्रहो, मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यांकडे स्पॅमविषयी दोनच तक्रारी येतात. नको असलेले मेल इनबॉक्समध्ये शिरतात, किंवा हवे असलेले मेल स्पॅममध्ये जाऊन पडतात. पहिली तक्रार आली की थ्रेशोल्ड (ज्या गुणांपासून मेल स्पॅम ठरतो ती मर्यादा) खाली आणायचा आणि दुसरी आली की वर न्यायचा, हा प्रघात मला घातक वाटतो; कारण स्पॅमॲसॅसिन या स्पॅम ओळखणाऱ्या प्रोग्रामने मेलला दिलेले गुण ही अनेक लहान नियमांची बेरीज असते, आणि ती कोणत्या नियमामुळे बिघडली हे न पाहता केलेला बदल एका मेलपायी इतर सर्व मेलचा निकाल फिरवतो.

म्हणून आधी मेलचे हेडर (मजकुराआधीच्या तांत्रिक नोंदी) वाचावे. त्यात एकूण गुण, लागू झालेली मर्यादा आणि जुळलेल्या नियमांची नावे असतात. स्पॅमॲसॅसिनची मूळ मर्यादा ५ आहे. मात्र जिथे तो अमाविस या, मेल सर्व्हर आणि फिल्टर यांना जोडणाऱ्या प्रोग्राममार्फत चालतो, तिथे स्पॅमॲसॅसिनच्या फाइलमध्ये ती कितीही बदलली तरी परिणाम होत नाही, कारण निर्णय अमाविसच्या स्वतःच्या पातळ्यांवर होतो. शिवाय अमाविस त्याच्या टॅग पातळीखालच्या मेलवर गुणांचे हेडर लावतच नाही. त्यामुळे निसटलेल्या स्पॅमचा तपास करायचा असेल, तर ती पातळी तात्पुरती अगदी खाली न्यावी लागते.

निसटलेल्या स्पॅमच्या हेडरमध्ये 'यूआरआयबीएल ब्लॉक्ड' हा नियम दिसला, तर दोष बहुधा डीएनएसचा, म्हणजे इंटरनेटवरील नावांची चौकशी करणाऱ्या यंत्रणेचा, असतो. सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसच्या चौकशा करणाऱ्या सर्व्हरमार्फत) असंख्य लोकांच्या चौकशा एकत्र जातात आणि स्पॅममधल्या पत्त्यांच्या काळ्या याद्या डीएनएसवरून पुरवणाऱ्या संस्था त्यांना उत्तर देणे बंद करतात. मग जे गुण स्पॅमला मिळायला हवे होते ते मिळतच नाहीत. यावर उपाय एकच, सर्व्हरवर स्वतःचा रिझॉल्व्हर चालवावा आणि त्याने चौकशी दुसऱ्याकडे न सोपवता स्वतः करावी. थ्रेशोल्ड खाली आणल्यास अडकतील ते मुख्यतः निरपराध मेल.

बेझ वर्गीकरणाची, म्हणजे शिकवलेल्या मेलवरून नव्या मेलची स्पॅम असण्याची शक्यता ठरवणाऱ्या भागाची, गोष्ट याहून नाजूक आहे. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय ते बोलू लागत नाही. शिकवणी एका युजरच्या नावाने आणि फिल्टर दुसऱ्याच्या नावाने चालत असेल, तर दोघांचे डेटाबेस वेगळे राहतात आणि सगळी मेहनत वाया जाते. उघड स्पॅमवर 'बेझ शून्य' हा (मेल स्पॅम असण्याची शक्यता जवळजवळ शून्य मानणारा) नियम लागून गुण कमी होत असतील, तर शिकवणीच उलटी झाली आहे असे समजावे आणि आपोआप शिकण्याची सोय काही काळ बंद ठेवावी.

नियमही चुकतात. १ जानेवारी २०१० रोजी स्पॅमॲसॅसिनच्या एका नियमाने त्या वर्षाची तारीख असलेले मेल दूरच्या भविष्यातले ठरवले आणि जगभर साध्या मेलना विनाकारण गुण चढले. खरी दुरुस्ती नियमातच करायला हवी होती, आणि ती तशीच झाली.

एवढे तपासूनही मर्यादा बदलावीशी वाटली, तर जपून ठेवलेल्या स्पॅम आणि चांगल्या मेलचे गुण पुन्हा काढून नव्या मर्यादेने कोणते मेल बाजू बदलतात ते पाहावे, आणि बदल अर्ध्या गुणाच्या आसपास ठेवावा. स्पॅमचा शिक्का मारण्याची आणि मेल नाकारण्याची मर्यादा मात्र एक करू नये. आरस्पॅमडी या दुसऱ्या स्पॅम फिल्टरमध्ये मूळ आकडे अनुक्रमे ६ आणि १५ आहेत, आणि एवढे अंतर मला योग्य वाटते. कारण शिक्का बसलेला मेल स्पॅम फोल्डरमधून काढता येतो, नाकारलेला मेल मात्र पाठवणाऱ्याने पुन्हा पाठवला तरच मिळतो.