चहा थंड होईपर्यंत

(सकाळ. नागपूरच्या इतवारीतली तर्री-पोह्यांची टपरी.)

काकांच्या हातात वाफाळता चहा आहे आणि ते नुसतेच बसलेत. गळ्यावरच्या छिद्रावर अंगठा ठेवून ते सांगतात, "फुंकाले गेलो त आवाजच निघते भाऊ!"

कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र पूर्ण काढलं. कारण विचारलं, तर ते वरच्या खिशाला हात लावतात. पूर्वी तिथं बिडीचं बंडल असायचं.

या ऑपरेशनमध्ये श्वासनलिका गळ्यावर उघडतात. अन्ननलिका मागे वेगळी राहते. श्वासाची आणि घासाची वाट सुटी झाली, म्हणजे खरं तर ठसका लागायलाच नको. पण स्वरयंत्राविना बोलायचं, तर गळ्यावरचं छिद्र दाबून हवा मागच्या नळीत पोचवायला हवी; तिथल्या भिंती थरथरून आवाज निघतो. म्हणून मधल्या भिंतीत भोक पाडून सिलिकॉनची झडप बसवतात. सिंगर आणि ब्लॉम यांनी १९८० साली मांडलेली ही युक्ती. हवा आत जाते, अन्न बाहेर येत नाही. निदान झडप नवी असेपर्यंत.

पुढे तिच्यावर कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा थर चढतो. झडप घट्ट मिटत नाही. मग भाकरी निमूट उतरते, पण चहाचा घोट घेतला की खोकल्याची उबळ.

(दवाखाना. टॉर्चचा उजेड.)

स्पीच थेरपिस्ट रंगीत पाणी प्यायला देतात आणि छिद्रात डोकावतात. रंग झडपेच्या मधून झिरपला, तर ब्रशनं सफाई, नाहीतर नवी झडप. कडेनं झिरपला, तर माप चुकलंय किंवा भोक सैल झालंय. ते जास्त किचकट.

घास अडकणं मात्र निराळं दुखणं. घरचे दोन्हींना 'गिळायला त्रास' म्हणतात आणि तिथंच घोळ होतो. गिळताना स्वरयंत्र वर उचललं जायचं, अन्ननलिकेचं तोंड उघडायला मदत व्हायची. ती ओढ आता नाही. रेडिएशननं लाळ आटते, कधी घसा आकसतो. जिभेच्या बुडाशी खिसा तयार झाला, तर शितं तिथंच बसून राहतात. झडप कितीदाही बदला, यात फरक पडत नाही. आकसलेली वाट रुंद करून घ्यावी लागते. आणि त्रास नव्यानं सुरू झाला असेल, तर कॅन्सर परतला नाही ना, हे आधी बघतात.

(पुन्हा टपरी.)

पोहे तसे कोरडे, घशाला चिकटणारे. आपण तर्री चवीसाठी घेतो; काकांना ती घास खाली ढकलायला लागते. टपरीवाला न विचारता एक पळी जास्त ओततो, वरचा लाल तवंग बाजूला सारून.

चहा निवलाय. काका एक घोट घेतात, थांबतात. झडप मागच्याच आठवड्यात बदललीय.

दुसरा घोट.