अंजनेरीचा कंदील

(दृश्य: पहाट. धुक्यातून वर निघणारं पठार.)

नाशिकहून त्र्यंबकचा रस्ता धरला की डाव्या हाताला अंजनेरी उभी राहते. उंची साधारण ४,२०० फूट. हनुमानाचा जन्म इथला, अशी श्रद्धा. म्हणून वाट कधी ओस नसते.

मे महिन्यात वर आलात, तर करपलेलं गवत आणि तापलेला कातळ. ‘वर काय आहे? काही नाही,’ असं कुणीही म्हणेल. आता हेच पठार भाद्रपदात बघा.

(दृश्य: सोनकीचा पिवळा पट्टा. पाच सेकंद फक्त वारा.)

सोनकी, तेरडा, पाणथळ जागी सीतेची आसवं. कातळावर वीतभरही माती नाही, आणि तेवढ्यातच हा सगळा संसार. पण आम्ही आलो ते गवतात लपलेल्या एका फुलासाठी.

(दृश्य: फूल, अगदी जवळून.)

हे कंदीलपुष्प. काही भागांत याच्या भाऊबंदांना खर्चुडी म्हणतात. शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका. डोंगराचं नाव थेट वनस्पतीला मिळालंय, कारण जगाला ती माहीत झाली ती याच डोंगरावरून. सह्याद्रीबाहेर ती सापडत नाही.

कंदीलपुष्पाची रचना नीट पाहा. खाली फुगीर तळ, त्यावर अरुंद नळी, माथ्यावर पाच पाकळ्या. बहुतेक जातींत या पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, मध्ये फटी राहतात. म्हणूनच कंदील.

(दृश्य: माशी फुलाच्या तोंडाशी.)

फुलाचा वास आपल्या नाकाला जाणवतही नाही, पण चिलटाएवढ्या माश्यांना तो ओढून आणतो. माशी फटीतून आत येते आणि नळीत घसरते. नळीच्या आत बारीक केस आहेत, सगळे खाली वळलेले. उतरताना ते आडवे येत नाहीत. वर चढू लागली की वाट अडवतात. माशी तळाशी अडकते.

ती बाहेर पडण्यासाठी तळात धडपडत राहते. त्या धडपडीत परागांची एक जोडगोळी तिच्या सोंडेला चिमट्यासारखी अडकते. फूल तिला मारत नाही, खातही नाही. काही काळानं आतले केस सुकून मिटतात, वाट मोकळी होते.

(दृश्य: माशी बाहेर येते. हा क्षण टिपायला आमची दुसरी सकाळ उजाडली होती. आवाज बंद.)

सोंडेवर पराग घेऊन ती पुढच्या कंदिलात शिरते. तिथं ते बरोबर खाचेत बसले, तर बी धरतं. माशी नेमकी त्याच जातीच्या फुलात जायला हवी, आणि ते फूल जवळपास असायला हवं. झाडं विरळ झाली की ही साखळी तिथंच तुटते.

फुलानंतर शिंगांसारख्या जोडशेंगा येतात. त्या उकलल्या की रेशमी झुपका लावलेल्या बिया वाऱ्यावर निघतात. लहानपणी रुईची म्हातारी पकडलीत ना? ही तिचीच नातलग. पुढे सारं वर सुकतं आणि झाड मातीखालच्या कंदात जाऊन पावसाची वाट पाहतं.

पठार मोकळं दिसतं म्हणून झाडं लावायला खड्डे पाडू नका, असं आम्ही कळवळून सांगतो ते यासाठी. कुदळ पडते ती या कंदांवर.

(दृश्य: कड्यावर घिरट्या घालणारं लांब चोचीचं गिधाड.)

२०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा ठरली. महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. चारही नाशिकच्या दक्षिणेला, अंजनेरी त्यांत नाही. अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, ५.६९ चौरस किलोमीटर. अशा क्षेत्राच्या समितीत कायद्यानं ग्रामपंचायतीचा माणूस बसतो, ही मोठी जमेची बाजू. तरी वर गाडीरस्ता न्यायचा प्रस्ताव आला, त्याला विरोधही झाला. वणवे, प्लास्टिक आणि गर्दी आहेच.

(दृश्य: फेब्रुवारी. पिवळं गवत. जाळरेषा काढणारी माणसं.)

वणवा पसरू नये म्हणून गवताचा पट्टा साफ करून जाळरेषा काढतात. विळे चालू आहेत. ज्या मातीवर ही माणसं उकिडवी बसली आहेत, तिच्यात चार बोटं खाली कंद आहेत. पाऊस अजून चार महिने दूर आहे.

(दृश्य तसंच धरून ठेवा. विळ्यांचा आवाज.)