जळकी लापशी आणि जेन एअर

श्रोतेहो, नमस्कार.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे वाक्य लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे. शाळेत छडी बसली, घरी उपेक्षा झाली, की कुणीतरी वडीलधारं माणूस ते ऐकवायचंच. आज ज्या कादंबरीविषयी बोलणार आहे, ती वाचल्यापासून हे वाक्य मला उच्चारवत नाही.

ही कादंबरी म्हणजे शार्लट ब्राँटी हिची ‘जेन एअर’. ऑक्टोबर १८४७ मध्ये ती लंडनला छापून आली तेव्हा लेखकाचं नाव होतं करर बेल. त्या नावामागे यॉर्कशरमधल्या एका धर्मगुरूची तिशीतली मुलगी आहे, हे वाचकांना तेव्हा कळलं नव्हतं.

कथा सुरू होते तेव्हा जेन दहा वर्षांची आहे. आईवडील नाहीत, मामाही गेलेला, आणि ती मामीच्या घरी राहते आहे. मामाचं घर म्हटलं की आपल्याला सुट्टी आठवते. जेनला मात्र त्या घरात पडद्याआडची खिडकीतली जागा शोधावी लागते, चार पानं वाचायला. मामेभाऊ जॉन चौदा वर्षांचा. तो तिला पडद्याआडून बाहेर ओढतो, तू आमच्या तुकड्यांवर जगतेस म्हणून सुनावतो, आणि तिच्याच हातातलं पक्ष्यांचं पुस्तक तिला फेकून मारतो. डोकं फुटून रक्त येतं. ती उलटून अंगावर जाते, आणि शिक्षा तिलाच होते. ज्या खोलीत मामाचा देह ठेवला होता, त्या लाल पडद्यांच्या खोलीत तिला कोंडतात.

पुढे एक काळ्या कपड्यांतला धर्मनिष्ठ गृहस्थ येतो. तिच्या मामीदेखत तो तिला विचारतो, नरकात जायचं नसेल तर काय केलं पाहिजे? ती क्षणभर विचार करून सांगते, की तब्येत चांगली ठेवायची आणि मरायचंच नाही. या उत्तरावर हसू येतं खरं, पण जेनचा अख्खा पिंड त्यात आहे. मरणार नाही, हा तिचा निश्चय लोवुडला, म्हणजे पुढे मामी तिला धाडते त्या निवासी शाळेत, येण्याआधीचा आहे. लोवुडने तो तिला शिकवलेला नाही.

लोवुडला सकाळी घागरीतलं पाणी गोठलेलं असतं. पहिल्याच सकाळी न्याहारीला लापशी येते ती जळकी, आणि मुली उपाशीपोटीच उठतात. त्यांची दया येऊन मिस टेंपल नावाच्या बाई पाव आणि चीज देतात, तर संस्थेचा प्रमुख, तोच काळ्या कपड्यांतला गृहस्थ, त्यांना खडसावतो. देहाला खाऊ घालून तुम्ही आत्म्याला उपाशी ठेवता, असं त्याचं म्हणणं! मग टायफस या तापाची साथ येते. ऐंशीपैकी पंचेचाळीस मुली एकाच वेळी अंथरुणाला खिळतात. जेवणारी तोंडं कमी झाल्यामुळे उरलेल्यांचे वाडगे मात्र जरा भरून येऊ लागतात. लेखिकेने हे सरळ लिहिलं आहे, आवाज न चढवता.

ही शाळा तिने मनाने रचलेली नव्हती. कोवन ब्रिजच्या अशाच एका शाळेत शार्लट बहिणींबरोबर राहिली होती. मारिया आणि एलिझाबेथ तिथून क्षय घेऊन घरी आल्या आणि १८२५ च्या मे-जूनमध्ये पाठोपाठ गेल्या. एक अकरा वर्षांची, दुसरी दहा. कादंबरीतली हेलन बर्न्स, जेनची मैत्रीण, मारियावरून घेतली आहे. हेलनही घाव सोसते, जेनपेक्षा कितीतरी शांतपणे. त्याच थंडीने, त्याच शिक्षांनी एक मुलगी घडली आणि दुसरी चौदाव्या वर्षी जेनच्या मिठीत मेली. मग घडवलं ते घावांनीच, असं कसं म्हणायचं?

माझ्या मते जेन घडते ती एका संध्याकाळी, मिस टेंपलच्या खोलीत. त्या दिवशी तिला स्टुलावर उभं करून, ही खोटारडी आहे, असं सगळ्या शाळेदेखत जाहीर केलेलं असतं. बाई तिला बोलावतात आणि म्हणतात, तुझी बाजू सांग. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी हे विचारलेलं. मामीला तिने याआधी सुनावलं होतंच. जिंकल्यासारखं वाटलं होतं, आणि थोड्याच वेळात तोंडात विषाची चव उरली होती. म्हणून आता ती शब्द आवरते. हेलनने सांगितलेलं तिच्या लक्षात असतं. राग बाजूला ठेवून घडलं तेवढंच ती सांगते, आणि सांगता सांगता तिला उमगतं, की असं सांगितलेलं जास्त खरं वाटतं. बाई चौकशीचं पत्र पाठवतात, उत्तर येतं, आणि सगळ्या शाळेसमोर तिच्यावरचा डाग पुसला जातो. त्या संध्याकाळी बाईंनी जेन आणि हेलन दोघींना केकच्या जाड फोडीही दिल्या होत्या.

ही मुलगी पुढे मोठी होऊन एका घरी मुलीला शिकवायची नोकरी धरते, आणि त्या घराच्या मालकासमोर, रॉचेस्टरसमोर, उभी राहते. मी गरीब आहे, दिसायला साधी आहे, म्हणून मला काळीज नाही असं समजता का, हे त्याला तोंडावर विचारते. दोघांच्या लग्नाच्या दिवशी त्याची पहिली बायको घरातच असल्याचं कळतं. त्याच्यावर जीव असूनही ती पहाटे वीस शिलिंग घेऊन निघून जाते. पुढे पैसे संपतात. एका झोपडीच्या दारात एक पोर डुकरासाठी थंडगार लापशी ओतत असते. ती मला देशील का, असं जेन विचारते. लोवुडची जळकी लापशी वाचकाला इथे आठवतेच. पण इथल्या भुकेत तिने स्वतःहून पाऊल टाकलेलं आहे, आणि हा फरक मला फार मोठा वाटतो.

एका लहान मुलीचं सांगायचं राहिलं. रॉचेस्टरच्या घरात जेन जिला शिकवते ती अदेल नावाची एक फ्रेंच मुलगी आहे, आईने टाकलेली, रॉचेस्टरनेही आपली न मानलेली. हे कळलं की आता तुम्ही नोकरी सोडाल, असं त्याला वाटतं. जेन म्हणते, आता तर मी तिला जास्तच जवळ करीन. आणि कादंबरीच्या अगदी शेवटच्या प्रकरणात, स्वतःचा संसार थाटल्यावर, ती अदेलला शाळेत भेटायला जाते. मुलगी फिकुटलेली, रोडावलेली दिसते. मला इथे बरं वाटत नाही, म्हणते. शाळेची शिस्त फार कडक असल्याचं जेनच्या ध्यानात येतं.

घाव सोस, असं ती सांगत नाही. ती अदेलला घरी घेऊन येते.